डार्क चॉकलेट कशासाठी खायचं?

रानजाई

‘रोज डार्क चॉकलेट खा, हृदयविकार पळवा’ हा मेसेज आमच्या घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या अशा सगळ्या ग्रुपवर येऊन गेला. परवा सासूबाईंनी विचारलं, मग बीपीची गोळी बंद करून हेच सुरू करू का? तेव्हा यावर नीट लिहायला हवं असं वाटलं. गोळी बंद करायची नाही, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते.

मला डार्क चॉकलेट अतिशय आवडतं. रात्रीच्या जेवणानंतर एक तुकडा असतोच. म्हणून त्याबद्दल जमेल तसं वाचत आले आहे. माझं मत सरळ आहे: चांगलं डार्क चॉकलेट हा फार उत्तम खाऊ आहे आणि तो चवीसाठी खावा. तब्येतीला होणारा फायदा खरा आहे, पण छोटा आहे, आणि दुकानातल्या प्रत्येक वडीत तो असेलच असं नाही.

आधी फायद्याचं बघू. कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य एपिकॅटेचिन. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्याने वाहिनी सैलावते आणि रक्तदाब थोडा उतरतो. एपिकॅटेचिनमुळे हा नायट्रिक ऑक्साइड वाढतो. याची सुरुवात ज्या अभ्यासातून झाली तो मला फार आवडतो. पनामाच्या किनाऱ्याजवळ सान ब्लास बेटं आहेत, तिथे कुना लोक राहतात. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी १९९०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. बेटांवरच्या माणसांचा रक्तदाब वयाबरोबर वाढतच नव्हता. तीच माणसं पनामा सिटीत राहायला गेली की मात्र वाढत होता. बेटांवर मीठ कमी खातात म्हणावं, तर तसंही नव्हतं. दिवसाला कित्येक कप कोको पिणं हा मोठा फरक होता, आणि तो कोको घरचा, फारशी प्रक्रिया न केलेला. अर्थात बेटावर ताजे मासे होते, अंगमेहनत होती, शहरी धावपळ नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कोकोला देता येत नाही.

पुढे रीतसर चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणारी संस्था) अशा ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष: कोकोने रक्तदाब उतरतो, पण सरासरीने पाऱ्याच्या २ मिमीपेक्षाही कमी. त्यानंतरची सगळ्यात मोठी चाचणी म्हणजे अमेरिकेतली कॉसमॉस, २०२२ मध्ये निकाल आले. २१ हजारांहून जास्त ज्येष्ठ नागरिक, रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी. हृदयविकाराच्या एकूण घटनांत १० टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले. ही आशादायक गोष्ट आहे, पण चाचणीचा तो मुख्य प्रश्न नव्हता. आणि मेसेज लिहिणारे जे गाळतात ते हे, की त्या लोकांना कॅप्सूल दिली होती. चॉकलेट कोणालाच दिलं नव्हतं.

आता चॉकलेटमध्ये फ्लॅव्हनॉल किती उरतात? इथेच सगळा पेच आहे. बी आंबवलं, वाळवलं, भाजलं, तासन्‌तास घोटलं, की चॉकलेटची चव येते. आणि याच प्रत्येक पायरीवर फ्लॅव्हनॉल कमी होत जातात. कच्च्या बीमध्ये ते भरपूर असतात, पण ते बी इतकं कडू आणि तुरट असतं की तोंडात धरवत नाही. म्हणजे ७० टक्के लिहिलेल्या दोन वड्यांमध्ये फ्लॅव्हनॉलचं प्रमाण खूप वेगळं असू शकतं, आणि ते वेष्टनावर छापलेलं नसतं. टक्का फक्त एवढंच सांगतो की कोकोच्या बीपासून आलेला भाग किती.

तो टक्का मग कशाला बघायचा? साखरेसाठी. साध्या डार्क चॉकलेटमध्ये कोको सोडून जे उरतं ती जवळजवळ सगळी साखर असते. २० ग्रॅमचा तुकडा ७० टक्क्यांचा असेल तर त्यात ६ ग्रॅम साखर, म्हणजे दीड चहाचा चमचा. तोच ५० टक्क्यांचा असेल तर अडीच चमचे. ८५चा असेल तर पाऊण चमचा. मी घेताना एवढा हिशेब करते.

आणि चवीचं. घाईघाईत चावून गिळलं तर डार्क चॉकलेट फक्त कडू लागतं, म्हणून खूप जणांना ते आवडत नाही. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, शरीराच्या तापमानाच्या जरा खाली. त्यामुळे तुकडा जिभेवर ठेवून टाळूला हलकेच दाबून धरला की तो आपोआप विरघळतो, दाताला कामच नसतं. तोडताना ‘टक्‌’ असा आवाज यायला हवा. तोंडात टाकायच्या आधी वास घ्यावा. मग विरघळत असताना तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा, खरी चव तेव्हा कळते. आधी थोडी आंबूस लहर येते, मग कडवटपणा, मग कधी मनुकांसारखं, कधी भाजलेल्या दाण्यांसारखं काहीतरी, आणि शेवटी तुरटपणा बराच वेळ रेंगाळतो. मोबाइल बाजूला ठेवून हे केलं तर एका तुकड्याने पुरेपूर समाधान होतं.

तुम्ही कोणतं खाता, कसं खाता, तब्येतीच्या दृष्टीने काही अनुभव आहेत का, नक्की लिहा.


तिखटमीठ

रानजाई, फार छान लिहिलंय. धागा वाचनखुणांत साठवला.

एक विचारायचं होतं. बाबांना मधुमेह आहे, गोळ्यांवर साखर आटोक्यात आहे. त्यांना गोडाची फार ओढ आहे. औषधाच्या दुकानात शुगर-फ्री डार्क चॉकलेट मिळतं ते आणून देऊ की साधं ८५ टक्क्यांचं द्यावं?


रानजाई

तिखटमीठ, धन्यवाद. बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण माझा कल ८५कडे आहे. शुगर-फ्री चॉकलेटमध्ये बहुतेक वेळा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असतो. त्याने रक्तातली साखर साध्या साखरेपेक्षा हळू चढते, पण चढते. त्याचे उष्मांकही शून्य नसतात. आणि जास्त खाल्लं की पोट फुगतं, जुलाब होतात. ‘शुगर-फ्री आहे ना’ म्हणून माणूस अर्धी वडी संपवतो, तोही धोका आहेच. ८५चा १० ग्रॅमचा तुकडा असेल तर साखर दीड ग्रॅम. जेवणानंतर लगेच दिला तर अजून बरं.

मधुमेहाबद्दल २०२४च्या डिसेंबरमध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांना टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी दिसलं. मिल्क चॉकलेटने असं काही दिसलं नाही, उलट वजन वाढण्याशी त्याचा संबंध दिसला. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. डार्क चॉकलेट निवडणारी माणसं एरवीही जपून खाणारी असू शकतात. आणि ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांच्याबद्दल तो काही सांगत नाही.


दर्यापार

मी गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला झान नदीच्या भागात राहतो. इथे वारा फिरला की रस्त्यावर भाजलेल्या कोकोचा वास येतो. जगात सगळ्यात जास्त कोको ज्या बंदरात उतरतो ते ॲमस्टरडॅम, आणि त्यावर प्रक्रिया करणारे कारखाने आमच्या आसपास आहेत. त्यामुळे रानजाईंनी जो ‘पेच’ म्हटला त्यातली एक महत्त्वाची पायरी जोडतो.

१८२८ साली व्हॅन हाउटन यांनी इथे कोको दाबून त्यातलं बटर वेगळं काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मागे राहते ती पेंड, ती दळली की कोको पावडर. ही पावडर दुधात, पाण्यात नीट मिसळावी आणि तिचा आंबटपणा मरावा म्हणून तिला अल्कली लावायची पद्धतही त्याच घराण्याने आणली. म्हणून तिला जगभर डच पद्धत म्हणतात. रंग गडद होतो, चव मवाळ होते. आणि फ्लॅव्हनॉल जातात. वेगवेगळ्या पावडरी तपासल्या तेव्हा नैसर्गिक कोकोमध्ये ग्रॅममागे सरासरी ३४ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लॅव्हनॉल सापडले होते, हलकी अल्कली लावलेल्यात १४, आणि जास्त लावलेल्यात ४. म्हणजे पावडर जितकी काळीभोर तितकी ‘स्ट्राँग’ आणि गुणकारी हा समज बरोबर उलटा आहे.

भारतात वेष्टनावर घटक वाचताना ‘आम्लता नियंत्रक’ आणि पुढे ५०१ किंवा ५०० असा आकडा दिसला तर कोकोला अल्कली लावलेली असण्याची शक्यता धरा. साधा कोको फिकट, तांबूस तपकिरी असतो आणि जिभेला आंबट लागतो.

आमच्या इथल्याच झुटफेन गावातल्या ४७० वयस्क पुरुषांचा अभ्यासही प्रसिद्ध आहे, २००६ मध्ये आला. जे जास्त कोको खात होते त्यांचा रक्तदाब कमी होता आणि १५ वर्षांत मृत्यूही कमी झाले. मात्र सगळ्यात जास्त खाणाऱ्या गटाचं रोजचं सरासरी प्रमाणही चार-पाच ग्रॅम कोकोच्या आतबाहेरच होतं. पूर्ण वडी नव्हे!


रानजाई

दर्यापार, हे फार मोलाचं लिहिलंत. कोको फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकवायला मदत करतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केला, त्यातही रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असा आकडा आहे, आणि त्यासाठी अडीच ग्रॅम पावडर किंवा १० ग्रॅम डार्क चॉकलेट पुरेल असं म्हटलंय. पण दोन्ही मुद्दाम फ्लॅव्हनॉल राखून बनवलेली. साध्या वडीला तो हिशेब लावता येत नाही. घरी अल्कली न लावलेली पावडर गरम दुधात किंवा पाण्यात घालून, साखर अगदी कमी किंवा नाहीच, असा कप घेतला तर चरबी आणि साखर दोन्ही वाचतात. ज्यांना फक्त तब्येतीसाठी हवंय त्यांनी हेच करावं असं मी म्हणेन.


पाऊसवेडा

वजन कमी होतं हेही ऐकलंय. जिममधला ट्रेनर सांगतो, वर्कआउटच्या आधी ३० ग्रॅम डार्क चॉकलेट खा, फॅट जळतं. यात काही तथ्य?


रानजाई

पाऊसवेडा, ७० ते ८५ टक्क्यांच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये जवळपास ६०० कॅलरी आणि ४० ग्रॅमच्या वर चरबी असते. म्हणजे ३० ग्रॅमला १८० कॅलरी. जेवण तेवढं कमी केलं नाही तर वजन वाढणारच.

चॉकलेटने वजन उतरतं ही बातमी २०१५ मध्ये जगभर छापून आली होती. ती मुद्दाम रचलेली होती. जॉन बोहॅनन या पत्रकाराने जर्मन माहितीपट बनवणाऱ्यांबरोबर खरीखुरी चाचणी घेतली. माणसं जेमतेम पंधरा-सोळा, तीन आठवडे, आणि मोजमापं अठरा. इतक्या कमी माणसांवर इतकी मोजमापं घेतली की काहीतरी योगायोगाने ‘सिद्ध’ होतंच, हे त्यांना दाखवायचं होतं. पैसे भरून एका नियतकालिकात निबंध छापून आणला आणि मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी तो न तपासता उचलला. नंतर त्यांनी स्वतःच सगळं उघड केलं. तरी ती बातमी आजही फिरतेय. आहाराबद्दलची कुठलीही बातमी वाचताना किती माणसं होती आणि किती दिवस होती हे दोन प्रश्न विचारायची सवय मला त्यामुळे लागली.


सुपारीबाग

नमस्कार. आमचं कऱ्हाडे कुटुंब कित्येक पिढ्या दक्षिण कन्नडात आहे, घरात मराठीच्या जवळची आमची बोली, बाहेर कन्नड आणि तुळू. सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून कोको आहे. चॉकलेटची चर्चा चाललीय, पण झाडाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

कोकोला सावली लागते, म्हणून सुपारी आणि नारळाखाली तो खूश असतो. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत. खोडाला आणि जाड फांद्यांना थेट चिकटून येतात, नखाएवढी, पांढरट. फुलापासून फळ पिकायला पाच-सहा महिने. आमच्याकडचं फळ कच्चं असताना हिरवं आणि पिकलं की पिवळं होतं. ते देठाशी कापून घ्यायचं, ओढायचं नाही, कारण त्याच जागी पुन्हा फुलं येतात. फोडायला कोयता वापरत नाही, आतलं बी कापलं जातं. दगडावर किंवा लाकडी दांड्याने आपटायचं. आत तीस-चाळीस बिया, प्रत्येक बी पांढऱ्या बुळबुळीत गराने वेढलेली. तो गर चोखून बघा, गोड, आंबूस, सुवासिक. मुलं बागेत तोच खातात. चॉकलेटचा त्यात मागमूसही नसतो. बी फोडलं तर आत जांभळं आणि जहर कडू.

या बिया गरासकट लाकडी खोक्यात भरून वर केळीची पानं घालतात. पाच ते सात दिवस. दर एक-दोन दिवसांनी वरखाली करायच्या. दुसऱ्या दिवशी दारूसारखा वास, मग व्हिनेगरचा, डोळ्यात पाणी येईल इतका तीव्र. आत हात घातला तर चटका बसतो, ४५-५० अंशांपर्यंत जातं. या उष्णतेने बी मरतं आणि चॉकलेटची चव घडायला सुरुवात होते. मग उन्हात वाळवणं. तीन किलो ओल्या बियांची साधारण किलोभर सुकी होते.

आमच्याकडे खूप शेतकरी ओल्या बियाच कॅम्पकोला देतात. ही सुपारी-कोकोवाल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९७३ ची. खाजगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला तेव्हा हिने शेतकऱ्यांचा कोको उचलला, आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. कोकोची झाडं उपटायची वेळ आलेल्या बागा त्यामुळे वाचल्या.

त्रास काय, तर पावसाळ्यात काळी कूज. फळावर तपकिरी डाग पडतो आणि काही दिवसांत आख्खं फळ काळं होतं. पावसाआधी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारावं लागतं, सडलेली फळं वेचून बागेबाहेर न्यावी लागतात. खारी आणि माकडं वेगळी. खार फळाला गोल भोक पाडते, गर खाते आणि बिया टाकून देते.

चॉकलेट खाताना ते कुठल्या बागेतून आलं हे वेष्टनावर लिहिलेलं असेल तर जरूर वाचा. आता केरळमधल्या इडुक्कीच्या, आंध्रातल्या गोदावरीकाठच्या, तामिळनाडूतल्या आनैमलैच्या कोकोची वेगवेगळी चॉकलेटं बनतात. आंबवणं नीट झालं असेल तर त्यात आपल्या मातीचा आंबटपणा आणि फळांचा वास राहतो. आपल्या देशात इतका चांगला कोको होतो याचा मला अभिमान आहे.


दर्यापार

सुपारीबाग, निव्वळ अप्रतिम प्रतिसाद! यावर स्वतंत्र धागा काढा, फोटोंसकट. इथल्या कारखान्यांत येतो तो बहुतेक आयव्हरी कोस्ट आणि घानाचा. जगातला निम्म्याहून जास्त कोको या दोन देशांतून येतो. तिथे पाऊस आणि रोगाने पीक बसलं म्हणून २०२४ मध्ये भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेले होते. तुमच्याकडे त्याचा फायदा पोचला का?


सुपारीबाग

पोचला. तेवढ्या काळात ओल्या बियांना आम्ही कधी पाहिला नव्हता असा भाव मिळाला. नंतर उतरला. पण दुर्लक्ष झालेल्या झाडांची छाटणी लोकांनी पुन्हा सुरू केली, हे चांगलं झालं.


अंगणवेल

मी घरगुती चॉकलेट बनवून विकते, दिवाळी आणि लग्नसराईत मोठ्या ऑर्डरी असतात. एक गोष्ट ग्राहकांना कळावी म्हणून कळकळीने लिहितेय.

बाजारात घरगुती चॉकलेटसाठी ज्या मोठ्या लाद्या मिळतात त्यांतल्या खूपशा ‘डार्क कंपाऊंड’ असतात. रंग तोच, वास तसाच. पण त्यात कोको बटर नसतं, त्याऐवजी हायड्रोजिनेटेड वनस्पती तूप असतं, बहुतेक पामगर तेलाचं, आणि कोको पावडर थोडीशी. पहिला घटक साखर. ते वितळवून साच्यात ओतलं की झालं, त्याला काही कसब लागत नाही, उन्हातही टिकतं, म्हणून सगळे वापरतात. ते खाऊ म्हणून द्यायला हरकत नाही, पण ‘डार्क आहे, हृदयाला चांगलं’ असं सांगून विकणं मला पटत नाही. मी स्वतः दोन्ही बनवते आणि डब्यावर स्पष्ट लिहिते.

ओळखायचं कसं? घटक वाचा. कोको मास (दळलेल्या कोकोच्या बिया) किंवा कोको सॉलिड्स पहिले हवेत, कोको बटर हवं. वाचायला वेष्टन नसेल तर तुकडा जिभेवर ठेवा. खरं चॉकलेट स्वच्छ विरघळतं, कंपाऊंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं.

खऱ्या चॉकलेटला टेंपरिंग करावं लागतं. ४५-५० अंशांना वितळवायचं, हलवत हलवत २७-२८ वर आणायचं, परत ३१-३२ ला न्यायचं. कोको बटरचे कण सहा प्रकारांनी जमू शकतात, त्यातला आपल्याला हवा तो एकच प्रकार, चकचकीत आणि टक्‌ आवाजाने तुटणारा. मे महिन्यात एसी लावल्याशिवाय हे होतच नाही. म्हणून किंमत जास्त पडते, कृपया घासाघीस करताना हे ध्यानात असू द्या.


काटेरी_करवंद

मला पाचवा महिना आहे आणि रात्री चॉकलेट खावंसं वाटतं. पण डार्क चॉकलेटमध्ये शिसं असतं असं वाचलं आणि घाबरले. कोणाला नक्की माहिती आहे का?


स्टेथोस्कोप

काटेरी_करवंद, अभिनंदन! मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून थोडं सविस्तर. पण तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा शब्द अंतिम.

२०२२च्या अखेरीस अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २८ डार्क चॉकलेटं तपासली. सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं. रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम खाल्लं तर त्यातल्या २३ चॉकलेटांत दोहोंपैकी निदान एकाचं प्रमाण कॅलिफोर्नियाच्या मर्यादेच्या वर जात होतं. ती मर्यादा बरीच कडक आहे, म्हणून लगेच विषबाधा होते असं नाही. पण गरोदरपणात आणि लहान मुलांच्या बाबतीत शिसं जितकं टाळता येईल तितकं टाळावं, याबद्दल दुमत नाही.

कॅडमियम जमिनीतून मुळांवाटे बीमध्ये येतं. दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत जमिनीतच ते जास्त आहे. शिसं मात्र नंतर चिकटतं, उघड्यावर, रस्त्याकडेला बिया वाळवताना धुळीतून. (सुपारीबाग, वाळवताना ताडपत्री आणि रस्त्यापासून लांबची जागा, याला म्हणून महत्त्व आहे.) दोन्ही कोकोच्या घन भागात असतात, त्यामुळे टक्का वाढला की हेही वाढतं. ८५ हे ७० पेक्षा प्रत्येक बाबतीत चांगलं, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा छोटा तुकडा खा, एकाच कंपनीचं सतत खाऊ नका, आणि रोजचा नेम लावू नका. कॅफिनची काळजी नको, २५ ग्रॅम ७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये साधारण २० मिलिग्रॅम असतं. मात्र दिवसभराचा चहा-कॉफी धरून २०० च्या आत ठेवा.

बाकीच्यांसाठीही लिहून टाकतो. रात्री छातीत जळजळ होत असेल तर चॉकलेट झोपायच्या आधी नको, त्याने जठराच्या तोंडाची झडप सैल पडते. ऑक्झलेटचा मूतखडा होऊन गेलेल्यांनी जपून, कोकोमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं. अर्धशिशीवाल्यांनी स्वतःची नोंद ठेवावी, काहींना त्रास होतो, काहींना अजिबात नाही. आणि ‘रक्त वाढायला डार्क चॉकलेट’ असं मुलींना सांगितलं जातं. आकडा मोठा दिसतो, १०० ग्रॅममध्ये ११-१२ मिलिग्रॅम लोह. पण १०० ग्रॅम कोणी खात नाही, आणि कोकोमधली तुरट द्रव्यं लोह शोषूच देत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळीच घ्या. घरी कुत्रा असेल तर चॉकलेट त्याच्या तोंडापासून लांब ठेवा, त्यातलं थिओब्रोमिन त्याला विषारी आहे आणि डार्क चॉकलेटमध्ये ते जास्त असतं.


काटेरी_करवंद

स्टेथोस्कोप, मनापासून आभार. जीव भांड्यात पडला. आठवड्यातून दोनदा, ठरलं.


तिखटमीठ

माझी अडचण वेगळी. एक तुकडा म्हणून उघडते आणि मालिका बघता बघता वडी कधी संपते कळतच नाही. रानजाई, तुम्ही एका तुकड्यावर थांबता कशा?


रानजाई

तिखटमीठ, मालिका बघताना खाल्लं की तोंडात काय आहे याकडे मनच नसतं, त्यामुळे पोटात गेलं तरी खाल्ल्याचं समाधान होत नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणावावरचा जो वर्ग सुरू केला, त्यात एकच बेदाणा हातात देतात. आधी बघायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, मग कितीतरी वेळ तोंडात घोळवायचा. मी तेच चॉकलेटला लावते.

प्रत्यक्षात काय करते ते सांगते. वडी आणली की लगेच सगळी तुकडे करून स्टीलच्या छोट्या डब्यात भरते, वेष्टन घरात ठेवतच नाही. रात्री ओटा आवरून झाला की एक तुकडा बशीत घेते आणि डबा परत आत ठेवूनच बसते. मग पहिला अर्धा तुकडा पूर्ण विरघळेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. नुसतं चवीकडे लक्ष द्यायचं: आता आंबट आहे का, आता कडू झालं का, घशाशी काय उरलं. चव संपायला लागते तोवर खूप वेळ जातो आणि आणखी हवंसं वाटणं आपोआप निवळतं. उपाशीपोटी मात्र हे जमत नाही, तेव्हा हात डब्याकडे जातोच. जेवणानंतरच खा.

आणि एकदम ८५वर उडी मारू नका. ५५पासून सुरू करा, जीभ सरावली की ७०. मला स्वतःला ७०-७५च्या आसपास चव सगळ्यात भरलेली वाटते. ९९ टक्क्यांचं मिळतं तेही खाऊन पाहिलं, पण त्यात मला आनंद मिळाला नाही, आणि नुसत्या आकड्यासाठी ते गिळण्यात मला अर्थ वाटत नाही.


पाऊसवेडा

काल रात्री असं करून पाहिलं, ७० टक्क्यांचं. टाळूला लावून ठेवलं आणि नाकाने श्वास सोडला. खरंच आधी चिंचेसारखी आंबट लहर आली, कडूपणा नंतर. आजवर चावून गिळत आलो, त्यामुळे ही चव लक्षातच आली नव्हती. बायकोला दिलं तर तिला जर्दाळू आठवला. दोघांत मिळून एक तुकडा, पुरला.

एक शंका: अकोल्याच्या उन्हाळ्यात ठेवायचं कुठे? फ्रिजमध्ये ठेवलं की वर पांढरं येतं. बुरशी असते का ती? फेकून द्यायचं का?


अंगणवेल

पाऊसवेडा, फेकू नका, बुरशी नसते ती. उन्हाने वितळून परत गोठलं की कोको बटर वर येऊन करडे पट्टे दिसतात. फ्रिजमधून काढून लगेच उघडलं की वर दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. दोन्ही खायला सुरक्षित, फक्त टक्‌ आवाज जातो आणि तोंडात भुरभुरीत लागतं. असं झालेलं मी दुधात उकळून कोको करते किंवा केकमध्ये वापरते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात फ्रिजला पर्याय नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा परत झिपच्या पिशवीत, आणि फ्रीजरपासून लांब, खालच्या कप्प्यात. कांदा-लसणाच्या वाटणाशेजारी अजिबात नको, कोको बटर वास फार पटकन ओढून घेतं. खायच्या अर्धा तास आधी डबा बाहेर काढायचा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. मे महिन्यात अर्ध्या तासाऐवजी दहा-पंधरा मिनिटं पुरतील.